महासाथीतले बेकायदा रेव्ह : जुनी चळवळ परतली, की नवा धंदा उभा राहिला?

रातवा (धागाकर्ता)

१३ जून २०२० च्या रात्री ग्रेटर मँचेस्टरमध्ये डेझी नूक हे उद्यान आणि कॅरिंग्टन अशा दोन ठिकाणी मिळून सुमारे ६,००० लोक विनापरवाना नाचायला जमले. त्या वेळी कोविडमुळे इंग्लंडमध्ये घराबाहेर सहापेक्षा अधिक जणांनी एकत्र येण्यास मनाई होती. डेझी नूकमध्ये वीस वर्षांचा एक तरुण दगावला. त्यामागे अमली पदार्थांचे अतिसेवन असावे, असा पोलिसांचा संशय होता. कॅरिंग्टनमध्ये तिघांना भोसकण्यात आले आणि एका तरुणीवरील बलात्काराचा तपास सुरू झाला. पुढच्या महिन्यात, १८ जुलैच्या रात्री, बाथ शहराजवळच्या चार्मी डाउन या वापरात नसलेल्या हवाई तळावर सुमारे ३,००० लोक आले आणि दुसऱ्या दिवशीही त्यांचे नाचणे चालूच होते. ऑगस्टअखेरच्या जोडसुट्टीत दक्षिण वेल्समधील बॅनवेन येथे पुन्हा तेवढाच जमाव झाला, तर ३१ ऑक्टोबरला ब्रिस्टलजवळच्या येट येथील एका गोदामात सुमारे ७०० जण होते. वर्ष सरता सरता एसेक्समधील ईस्ट हॉर्नडन येथे सुमारे पाचशे वर्षांच्या जुन्या चर्चमध्ये घुसून नववर्षाची पार्टी झाली. त्याच रात्री फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात ल्यूरों या गावी रिकाम्या गोदामांत सुमारे २,५०० लोक शिरले आणि छत्तीस तासांहून अधिक काळ तेथून हलले नाहीत.

या सगळ्या घटना बातम्यांत एकाच नावाखाली आल्या आणि त्यांचा अर्थही एकच लावला गेला : १९८९ चे दिवस परत आले. मला हा अर्थ अर्धाच पटतो. २०२० मध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडल्या आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यांच्यातला फरक दिसला नाही, असे माझे म्हणणे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ‘फ्री पार्टी’, म्हणजे तिकीट न लावता भरवलेला रेव्ह. ही परंपरा महासाथीच्या आधीपासून अखंड चालू होती, त्यामुळे तिचे ‘पुनरागमन’ झाले असे म्हणण्यात अर्थ नाही. १९८८-८९ मध्ये ॲसिड हाउस संगीताच्या लाटेबरोबर लंडनभोवतीच्या एम-२५ महामार्गालगत मोठमोठे विनापरवाना रेव्ह होऊ लागले. पण त्यांतील अनेक तिकीट लावून होत असत आणि त्यामागे चोख व्यापार असे. त्याच्या उलट्या दिशेने ‘स्पायरल ट्राइब’सारखे गट निघाले. स्वतःची साउंड सिस्टीम स्वतः जमवायची, तिकीट लावायचे नाही, डिझेलसाठी डबा फिरवायचा आणि निघताना कचरा गोळा करायचा, असा त्यांचा शिरस्ता. मे १९९२ मध्ये मॅल्व्हर्न टेकड्यांच्या पायथ्याशी कॅसलमॉर्टन येथे आठवडाभर चाललेल्या मेळ्यात वीस ते चाळीस हजार लोक आल्याचा अंदाज आहे. त्याबद्दल या गटाच्या तेरा जणांवर खटला चालला आणि १९९४ मध्ये ते निर्दोष सुटले. सगळेच आयोजक हा शिरस्ता पाळतात असा माझा भाबडा समज नाही, पण तो न पाळणाऱ्याला त्या वर्तुळात किंमत उरत नाही, हेही खरे आहे. २०२० च्या वसंतात याच वर्तुळातील अनेकांनी ‘आत्ता सिस्टीम बाहेर काढू नका’ अशी उघड भूमिका घेतली होती.

दुसरी गोष्ट मात्र नवी होती. २० मार्च २०२० रोजी ब्रिटनमधील नाइटक्लब बंद करण्याचा आदेश निघाला आणि इंग्लंडमध्ये ते थेट १९ जुलै २०२१ ला उघडले. या सोळा महिन्यांत ग्लास्टनबरीसह मोठे संगीत महोत्सव रद्द झाले, डीजे आणि ध्वनितंत्रज्ञ घरी बसले, भाड्याने जाणारी यंत्रणा गोदामात पडून राहिली. विशीतल्या मुलांचे वर्ग बंद, कामे बंद, आणि आजाराची भीती मात्र त्यांच्या वाट्याला सर्वांत कमी. मागणी होती, माल होता, अधिकृत दुकान तेवढे बंद होते. ज्यांनी यापूर्वी कधी फ्री पार्टीत पाऊल टाकले नव्हते, असे लोक या पोकळीत आयोजक म्हणून शिरले.

अशा आयोजनाची रीत ठरलेली असते. इन्स्टाग्राम किंवा स्नॅपचॅटवर फक्त तारीख आणि ‘शहरापासून तासाभराच्या अंतरावर’ एवढाच मजकूर येतो. पैसे भरले की व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामच्या गटात प्रवेश मिळतो. रात्री दहाच्या सुमारास गटात एका पार्किंगच्या जागेचा पत्ता येतो आणि तिथे गाड्या जमल्या की नकाशावरची खरी खूण येते. तोपर्यंत व्हॅनमधून स्पीकर उतरलेले असतात, जनरेटर आवाज कमी यावा म्हणून झुडपांच्या आड ठेवलेला असतो आणि आत जाणाऱ्या एकमेव रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली असते. ही रांगच आयोजकांचे खरे संरक्षण असते, कारण दोन-तीनशे माणसे आत पोहोचल्यावर दहा-बारा पोलिसांना अंधारात संगीत बंद पाडणे सुरक्षित वाटत नाही. १९८९ मध्ये हेच काम टेलिफोनवर ध्वनिमुद्रित निरोप ऐकवून केले जाई. आता गर्दी गोळा व्हायला पूर्वीच्या निम्मा वेळही लागत नाही.

यात जे नसते, ते अधिक महत्त्वाचे आहे. दारावर झडती नाही, पिण्याच्या पाण्याची सोय नाही, प्रथमोपचार नाहीत, बाहेर पडायचा दुसरा मार्ग नाही. ‘द लूप’ ही संस्था २०१६ पासून ब्रिटनमधील काही महोत्सवांत अमली पदार्थांचे नमुने जागेवरच तपासून धोक्याची सूचना देत आली होती. महोत्सवच नसल्यामुळे तीही सोय गेली. म्हणून मला वाटते की, क्लब बंद ठेवण्याचा निर्णय आरोग्याच्या दृष्टीने बरोबर असला, तरी लोक नाचायचे थांबतील हे त्यामागचे गृहीतक चुकीचे होते. उघड्यावर, कमी संख्येने, नियमांखाली नाचण्याची परवानगी २०२० च्या उन्हाळ्यात देता आली असती का? जाणकारांनी मते मांडावीत.

शुश्रूषा

धाग्यातील वर्गीकरण उपयुक्त आहे. निष्कर्षाशी मात्र मी सहमत नाही. त्या काळात रुग्णालयात काम करणाऱ्यांपैकी मी एक आहे, तेव्हा माझी बाजू झुकलेली असणार, हे गृहीत धरून वाचावे.

विषाणूला आयोजक फुकट्या आहे की धंदेवाईक, याने काही फरक पडत नाही. त्याला फरक पडतो तो हवेने. मोकळ्या मैदानात संसर्गाची शक्यता बंद जागेच्या तुलनेत बरीच कमी असते, हे २०२० च्या मध्यापर्यंत पुरेसे स्पष्ट झाले होते. त्या हिशेबाने चार्मी डाउन आणि येट यांना एका तागडीत घालता येत नाही : पहिले उघड्या हवेत, दुसरे ऑक्टोबरअखेर, छपराखाली, रुग्णसंख्या चढत असताना आणि इंग्लंडची दुसरी टाळेबंदी पाच दिवसांवर आलेली असताना. बंद जागेत मोठ्याने गाणे, ओरडून बोलणे, धापा टाकणे यांनी किती अनर्थ होतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण रेव्हचे नसून समूहगानाच्या सरावाचे आहे. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅगिट खोऱ्यात ६१ जण अडीच तास सरावाला जमले होते. त्यांतील एक जण आधीच आजारी होता. नंतर ५२ जणांना लागण झाल्याचे दिसले आणि दोघांचा मृत्यू झाला. ते सारे परवानगीनेच जमले होते.

मात्र तुम्ही ज्याचा उल्लेख केला नाही, तो मुद्दा माझ्या मते सर्वांत मोठा आहे, आणि तो म्हणजे संपर्क शोध. मे २०२० मध्ये दक्षिण कोरियात सोलच्या इटेवॉन भागातील क्लबांतून साथ पसरली. हे क्लब कायदेशीर होते, दारावर नावे आणि फोन क्रमांक लिहून घेतले जात होते, तरीही अनेकांनी खोटी माहिती दिली होती, कारण त्यांतील काही क्लब समलैंगिकांचे म्हणून ओळखले जात आणि लोकांना ओळख उघड होण्याची भीती होती. प्रशासनाने मोबाइल मनोऱ्यांच्या नोंदींवरून हजारो लोकांची यादी काढली. पण नाव न सांगता चाचणी करून घेण्याची सोय दिली, तेव्हाच लोक मोठ्या संख्येने पुढे आले. त्या साखळीत दोनशेहून अधिक रुग्ण सापडले आणि ती तिथे आटोक्यात आली. बेकायदा रेव्हमध्ये यांतले काहीच शक्य नाही. यादी नाही, पत्ता नाही, आणि ताप आला तर ‘शनिवारी कुठे होता?’ या प्रश्नाला मुलगा खरे उत्तर देणार नाही, कारण खरे उत्तर म्हणजे दंड. म्हणूनच ‘ब्रिटनमधील रेव्हमुळे साथ पसरल्याचा पुरावा कुठे आहे?’ असे जे विचारले जाते, त्यात फारसा दम नाही. पुरावा जमा होण्याची वाटच तिथे बंद असते.

आणि विशीतल्या मुलांना धोका कमी, हे खरे असले तरी ती मुले नाचून परत ज्या घरी जातात, त्या घरात आजी-आजोबाही असतात.

कलमकसाई

कायद्याची बाजू मांडतो, कारण दंडाच्या बाबतीत बरीच सरमिसळ होताना दिसते.

ब्रिटनमध्ये रेव्हविरोधी कायदा महासाथीतून जन्मला नाही. १९९० च्या कायद्याने विनापरवाना करमणुकीच्या कार्यक्रमासाठी २०,००० पौंडांपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद केली. तिचा रोख एम-२५ भोवतीच्या तिकीट लावणाऱ्या आयोजकांवर होता. कॅसलमॉर्टननंतर १९९४ चा फौजदारी न्याय व सार्वजनिक सुव्यवस्था कायदा आला. त्याच्या कलम ६३ नुसार रात्री उघड्यावर मोठ्या आवाजात संगीत लावून शंभर किंवा अधिक लोक जमले, तर त्यांना निघून जाण्याचा आदेश देण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला, आणि संगीतात ‘एकामागून एक पुनरावृत्त होणारे ठोके’ही धरावेत, असे कायद्यातच लिहिले गेले. २००३ मध्ये शंभरचा आकडा वीसवर आणला गेला आणि घुसखोरी करून इमारतीत केलेल्या कार्यक्रमांनाही कलम लागू झाले. म्हणजे २०२० मध्ये पोलिसांच्या हातात आधीच पुरेसे अधिकार होते. कमतरता मनुष्यबळाची होती.

त्यात २८ ऑगस्ट २०२० पासून इंग्लंडमध्ये तीसहून अधिक लोकांचा बेकायदा मेळावा भरवणाऱ्यास १०,००० पौंडांचा दंड सुरू झाला. वेल्समध्येही तशीच तरतूद आली आणि त्याच आठवड्याच्या शेवटी झालेल्या बॅनवेनच्या रेव्हबद्दल आठ जणांना प्रत्येकी १०,००० पौंडांची नोटीस मिळाली. हा दंड न्यायालयाने सुनावलेला नव्हता, तो पोलिसांनी जागेवर ठोठावलेला होता. न्यायालय दंड ठरवताना आरोपीची कमाई पाहते, पण या नोटिशीत तसे काही नव्हते. विद्यार्थ्याने घरी दिलेली पार्टी आणि हजार तिकिटे विकून कमावलेला नफा, दोन्हींना एकच आकडा. हा प्रश्न इतका टोचू लागला की, नोव्हेंबर २०२० मध्ये पोलीसप्रमुखांच्या राष्ट्रीय परिषदेने काही काळ अशा नोटिसा थांबवायला सांगितले. एप्रिल २०२१ मध्ये संसदेच्या मानवी हक्कविषयक संयुक्त समितीनेही या दंडव्यवस्थेवर कडक शब्दांत टीका केली.

आता एक विषयांतर, पण अगदीच अवांतर नाही. ज्या पंतप्रधानांच्या सरकारने हा दंड आणला, त्यांच्याच कार्यालयाच्या परिसरात टाळेबंदीत झालेल्या मेळाव्यांबद्दल लंडन पोलिसांनी नंतर ८३ जणांना एकूण १२६ दंड केले. एप्रिल २०२२ मध्ये खुद्द बोरिस जॉन्सन यांनी भरलेला दंड ५० पौंडांचा होता. आयोजक आणि उपस्थित यांच्यात कायदा फरक करतो, हे मला मान्य आहे. पण बॅनवेनच्या आठ जणांना हे समजावून सांगायची जबाबदारी मी घेणार नाही.

माळरान

मी नैऋत्य इंग्लंडमध्ये, अशा एका जागेपासून दोनेक मैलांवर राहतो. ‘फ्री पार्टी’ आणि ‘धंदेवाईक’ हा भेद वाचताना बरा वाटतो. रात्री तीन वाजता तो ऐकू येत नाही.

गाण्याचे बोल, सूर, टाळ्या यांतले काहीच इतक्या दूर पोहोचत नाही. पोहोचतो तो फक्त खालचा ठोका. पन्नास हर्ट्झच्या आसपासच्या ध्वनीलहरीची लांबी सात मीटरच्या घरात असते. झाडे, कुंपणे, भिंती तिला अडवू शकत नाहीत आणि हवेतही ती फारशी विरत नाही. खिडकी बंद केली की इतर सगळे आवाज थांबतात आणि तो ठोका तेवढा अधिक ठळक होतो. पेल्यातले पाणी थरथरताना मी पाहिले आहे. पोलिसांना फोन केला, तर ‘आम्हाला माहीत आहे, पुरेसे कर्मचारी आले की पाहू’ असे उत्तर मिळाले. पाहायला कोणी आले ते सकाळी, तेही रस्ता अडवून नव्या गाड्या आत जाऊ नयेत एवढ्यासाठी.

दुपारी आम्ही काही शेजारी हातमोजे घालून तिथे गेलो. बाटल्या होत्या, उलट्या होत्या, ते अपेक्षितच होते. पण सर्वांत जास्त होत्या त्या नायट्रस ऑक्साइड या नशेसाठी हुंगल्या जाणाऱ्या वायूच्या, बोटाएवढ्या लांबीच्या चंदेरी नळकांड्या. गवतात त्या सहज दिसत नाहीत. पायाखाली आल्या की कुरकुरतात. गवत कापणाऱ्या यंत्रात गेली तर पाते मोडते आणि तुकडा चाऱ्यात मिसळतो, म्हणून शेजारच्या मेंढपाळाने ती बाजू त्या हंगामात कापलीच नाही. एका ठिकाणी मात्र काळ्या पिशव्यांत नीट बांधून ठेवलेला कचराही होता. म्हणजे कोणीतरी गोळा करायला सुरुवात केली होती आणि मध्येच सोडून दिली होती. तेव्हा रातवा, तुमचे दोन प्रकार कदाचित दोन वेगळ्या पार्ट्यांमध्ये नसून एकाच पार्टीत शेजारी शेजारी नाचत असतील.

दूरध्वनी

एक शंका. २४ जून २०२० च्या रात्री लंडनमधील ब्रिक्स्टनच्या अँजेल टाउन वसाहतीत जो प्रकार झाला आणि ज्यात २२ पोलीस जखमी झाले, तोही या यादीत धरायचा का? बातम्यांत तो याच मालिकेत दाखवला जात होता.

रातवा

दूरध्वनी, माझ्या मते धरू नये. ती वसाहतीतल्या लोकांची रस्त्यावरची पार्टी होती. लंडन पोलीस ‘विनापरवाना संगीत कार्यक्रम’ या एकाच शीर्षकाखाली वसाहतीतली पार्टी, बागेतले वाढदिवस आणि गोदामातला तिकीट लावलेला कार्यक्रम असे सगळे मोजत होते, त्यामुळे आकडे फुगले आणि चित्र धूसर झाले. कृष्णवर्णीयांची वस्ती असलेल्या भागातल्या रस्त्यावरच्या पार्टीला पोलीस ज्या तडफेने सामोरे गेले, ती तडफ आडरानातल्या गौरवर्णीय गर्दीच्या वाट्याला क्वचितच आली, असे तेव्हाही अनेकांनी म्हटले होते. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

माळरान, तुमचा शेवटचा मुद्दा मला निरुत्तर करणारा आहे. एवढेच म्हणेन की, कचरा बांधायला सुरुवात करणारे लोक ज्या कार्यक्रमात बहुसंख्य असतात, तो कार्यक्रम निदान हजार अनोळखी लोकांना तिकिटे विकून भरत नाही. संख्या शे-दोनशेच्या पुढे गेली की ओळख संपते आणि ओळखीबरोबर धाकही.

पश्चिमवारा

चर्चा ब्रिटनभोवती फिरते आहे, म्हणून फ्रान्सबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. दोन्ही देशांची गोष्ट मुळात एकच आहे. १९९० च्या दशकात ब्रिटनमधील कारवाईला कंटाळून स्पायरल ट्राइबची मंडळी व्हॅन घेऊन खाडी ओलांडून आली आणि १९९३ पासून फ्रान्समध्ये ‘टेक्निव्हाल’ नावाचे बहुदिवसीय मेळे रुजले. फ्रान्सने त्यावर वेगळा तोडगा काढला. २००१ च्या कायद्यातील, मारियानी दुरुस्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीने अशा मेळाव्यांची पूर्वसूचना प्रशासनाला देणे बंधनकारक केले आणि पुढे मर्यादा ५०० लोकांवर स्थिरावली. सूचना न देणाऱ्याची साउंड सिस्टीम जप्त होऊ शकते. कागदावर ही वाट मोकळी आहे. प्रत्यक्षात सूचना दिली की जागा नाकारली जाते, अशी आयोजकांची जुनी तक्रार आहे.

महासाथीत फ्रान्सने दोन टोकांचे प्रयोग केले. ऑगस्ट २०२० मध्ये सेव्हेन राष्ट्रीय उद्यानातील कोस मेजाँ या उजाड पठारावर काही हजार लोक आले. काही अंदाजांत आकडा दहा हजारांपर्यंत जातो. बळाने हुसकावण्याऐवजी प्रशासनाने रस्ते ताब्यात घेतले, मास्क आणि जंतुनाशक वाटले, आणि बाहेर पडणाऱ्यांसाठी चाचणीची सोय उभी केली. स्थानिक शेतकरी संतापले होते आणि त्यांचा संताप रास्त होता : पठारावर पाण्याचा तुटवडा, गवत वाळलेले, आणि एखादी ठिणगी पडली असती तर काय झाले असते, हे सांगायला नको. तरीही हाणामारी न होता लोक हळूहळू पांगले.

ल्यूरोंला नेमके उलटे घडले. देशभर रात्री आठपासून संचारबंदी होती. ३१ डिसेंबरच्या रात्री ताफा गोदामांकडे निघाला तेव्हा जाँदार्मांनी, म्हणजे फ्रान्सच्या निमलष्करी पोलिसांनी, तो अडवण्याचा प्रयत्न केला. त्यांच्यावर बाटल्या आणि दगड आले, एक वाहन जाळले गेले, आणखी काहींची मोडतोड झाली. त्यानंतर २ जानेवारीच्या सकाळपर्यंत वेढा घालून थांबण्यावाचून त्यांच्यापुढे मार्ग उरला नाही. बाहेर पडणाऱ्यांवर सोळाशेहून अधिक दंड बसले आणि प्रादेशिक आरोग्य यंत्रणेने सर्वांना सात दिवस विलगीकरणात राहण्याचे आवाहन केले. शुश्रूषा यांचा मुद्दा इथे तंतोतंत लागू होतो. दंडाची पावती आणि चाचणीचे आवाहन एकाच दारात एकाच माणसाला मिळाले, तर तो चाचणीला किती उत्साहाने जाईल?

धंद्याबद्दलही एक. ल्यूरोंमधील आयोजक हे नवे व्यापारी नव्हते, ते जुन्या फ्री पार्टीच्याच वर्तुळातले होते. त्यामुळे ‘जुने लोक घरी बसले, नवे लोभी बाहेर पडले’ ही मांडणी फ्रान्सला लागू होत नाही. तिथे जुन्या लोकांनीच, राजकीय भूमिका म्हणून, नियम मोडला. मला ती भूमिका त्या डिसेंबरमध्ये चुकीचीच वाटली होती. पण तिला नफेखोरी म्हणता येणार नाही.

शुश्रूषा

पश्चिमवारा यांनी दिलेले पठाराचे उदाहरण माझ्याही मताला थोडा धक्का देणारे आहे. आरोग्याच्या दृष्टीने मला ल्यूरोंपेक्षा तो मार्ग नक्कीच बरा वाटतो, मात्र तो उन्हाळ्यात, उघड्यावर आणि रुग्णसंख्या कमी असतानाच परवडला, हेही नोंदवून ठेवते.

मूळ प्रश्नाचे, म्हणजे ‘नियमांखाली नाचता आले असते का’, याचे एक उत्तर उपलब्ध आहे. ३० एप्रिल आणि १ मे २०२१ रोजी लिव्हरपूलच्या ब्रॅम्ली-मूर गोदीतील एका गोदामात सरकारच्याच संशोधन कार्यक्रमाखाली प्रत्येकी सुमारे ३,००० लोकांचा क्लबचा कार्यक्रम झाला. मास्क नाही, अंतर नाही. आत येण्याआधी जलद चाचणी निगेटिव्ह असणे मात्र सक्तीचे. कार्यक्रम सुरळीत पार पडला. शास्त्रीय निष्कर्ष काढायला मात्र तो अपुरा ठरला, कारण नंतर पाठवायची पीसीआर चाचणी फारच थोड्या लोकांनी पाठवली. स्वेच्छेने, परवानगीने, नावपत्त्यासह आलेल्यांचे हे हाल, तर बाकीच्यांचे काय बोलावे? शिवाय हे शक्य झाले ते झटपट होणाऱ्या स्वस्त चाचण्या आणि वयस्कांचे लसीकरण यांमुळे. जून २०२० मध्ये यांतले काहीही हाताशी नव्हते. त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यापुरते माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे. २०२१ च्या वसंतापासून मात्र आणखी अडीच महिने दारे बंद ठेवण्याचे समर्थन मला जड जाते.

रातवा

पहिल्या उन्हाळ्याबद्दल माझे मत अजूनही थोडे वेगळे आहे. ४ जुलै २०२० ला इंग्लंडमधील पब उघडले आणि ऑगस्टभर सोमवार ते बुधवार बाहेर जेवणाऱ्याचे निम्मे बिल, माणशी १० पौंडांपर्यंत, सरकारने भरले. बंद खोलीत, मास्क काढून, तासभर समोरासमोर बसण्याला अनुदान मिळत होते, आणि त्याच महिन्यात उघड्या मैदानावर नाचाचा मेळावा भरवण्याला १०,००० पौंडांचा दंड लागला. चाचण्या आणि लस दोन्हींसाठी नव्हत्या. पाचशे लोकांचा, दिवसाचा, उघड्यावरचा, नावे नोंदवून घेतलेला कार्यक्रम त्या जेवणापेक्षा अधिक धोक्याचा ठरला असता, असे मला अजूनही वाटत नाही. त्याने डेझी नूक टळले असते का? ते जूनमध्येच होऊन गेले होते. ऑगस्टअखेरची गर्दी मात्र काही प्रमाणात वळली असती.

पश्चिमवारा, फ्रान्सबद्दलची दुरुस्ती मान्य आहे. ब्रिटनमध्येही जुन्या वर्तुळातील काहींनी साथीच्या काळात सिस्टीम बाहेर काढली होतीच. कलमकसाई, इटलीत २०२२ मध्ये जो कायदा आला, त्याबद्दल आपण लिहू शकाल का?

कलमकसाई

थोडक्यात लिहितो. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस मोडेना येथील एका रिकाम्या गोदामात झालेल्या रेव्हनंतर मेलोनी सरकारने लगेच अध्यादेश काढला. मूळ मसुद्यात पन्नासहून अधिक लोकांच्या कोणत्याही ‘धोकादायक’ मेळाव्यावर तो लागू होईल, अशी शब्दरचना होती. आंदोलने आणि महाविद्यालयांतील निदर्शनेही त्यात अडकतील, अशी ओरड झाली, तेव्हा संसदेत शब्द बदलून कायदा संगीताच्या किंवा करमणुकीच्या मेळाव्यांपुरता मर्यादित केला गेला. आयोजकाला शिक्षा तीन ते सहा वर्षांची आहे. ब्रिटनमध्ये महासाथीचे दंड नियमांबरोबर संपले. कलम ६३ मात्र तसेच आहे आणि वीसचा आकडाही. त्याशिवाय ८ नोव्हेंबर २०२३ पासून नशेसाठी नायट्रस ऑक्साइड जवळ बाळगणे हाही गुन्हा झाला. माळरान यांच्या गवतात त्या नळकांड्या कमी झाल्या की नाही, हे तेच सांगू शकतील.

माळरान

लहान नळकांड्या कमी झाल्या. आता मोठ्या, लिटरच्या बाटलीएवढ्या टाक्या सापडतात. एवढेच, की त्या लांबून दिसतात आणि कापणीच्या आधी उचलता येतात.